अंगाकडची बाजू

रजई पाहणारा माणूस तिची वरची बाजू पाहतो आणि पांघरणारा माणूस रात्रभर खालच्या बाजूशी संबंध ठेवून असतो. असे असूनही क्विल्टिंगच्या, म्हणजे कापडाचे थर टिपून रजई करण्याच्या, जगात सगळी बुद्धी, सगळी भूमिती, रंगसंगतीवरचे वाद आणि प्रदर्शनांतली बक्षिसे वरच्या थराच्या वाट्याला येतात. पाठीसाठी काय लावायचे हा प्रश्न अगदी शेवटी, कापडाच्या दुकानात बिल करता करता सुटतो. माझे मत याच्या उलट बनत गेले आहे. पाठ आधी ठरवावी आणि मग तिला झेपेल असा दर्शनी थर शिवावा. फ्लीसची, म्हणजे मऊ लवेच्या पॉलिएस्टर कापडाची, पाठ लावून मशीनवर रजया शिवायला लागल्यापासून हे मत पक्के झाले, कारण फ्लीस हे मुकाट्याने मागे उभे राहणारे कापड नव्हे. सुई, टाक्याची लांबी, नक्षी, इस्त्री या सगळ्यांत ते आपले म्हणणे मांडते आणि ते ऐकले नाही तर रजई वाकडी करून दाखवते.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये, मेरिमॅक नदीकाठच्या एका गावात राहते. इथे थंडी नोव्हेंबरात येते आणि एप्रिलपर्यंत मुक्काम करते. जुन्या सुती साड्या हा माझ्याकडचा मुख्य कच्चा माल आहे. काही आईच्या, काही आत्याच्या आणि पुष्कळशा इथल्या मैत्रिणींनी ‘टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत’ असे म्हणून दिलेल्या. शेजारच्या लॉवेलमध्ये रजयांचे एक चांगले संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या रजया पाहताना डोळे निवतात, पण भिंतीवर टांगलेल्या रजईची पाठ भिंतीकडे असते, आणि मला नेमकी तीच पाहायची असते. ज्या बाजूने कुणीतरी वर्षानुवर्षे झोपले ती बाजू पाहुण्यांना न दाखवण्याचा हा शिष्टाचार मला कधी पटलेला नाही.

फ्लीस जन्मले तेही याच नदीकाठी. लॉवेलच्या खाली काही मैलांवर लॉरेन्स हे गाव आहे. एके काळी ते लोकरीच्या गिरण्यांचे गाव होते आणि १९१२ मधला तिथल्या गिरणी कामगारांचा संप अमेरिकेच्या कामगार चळवळीत आजही आठवला जातो. पुढे लोकरीचा धंदा दक्षिणेकडे आणि परदेशात गेला. माल्डन मिल्स ही १९०६ मध्ये सुरू झालेली गिरणी लॉरेन्समध्ये टिकून राहिली, पण तिचा भर असलेला कृत्रिम फरचा बाजार १९८० च्या सुमारास बसला. त्याच सुमारास या गिरणीने पॅटागोनिया या गिर्यारोहणाच्या कपड्यांच्या कंपनीबरोबर पॉलिएस्टरचे एक नवे, हलके आणि ऊबदार कापड विकसित केले. गिरणीचे मालक एरन फॉयरस्टीन यांनी मूळ पोलर फ्लीसचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे ते जगभर कुणालाही काढता आले आणि स्वस्त झाले. आज दुकानात आपण वारावर फ्लीस घेतो, ते त्या न घेतलेल्या पेटंटामुळे. ११ डिसेंबर १९९५ च्या रात्री या गिरणीला प्रचंड आग लागली. फॉयरस्टीन यांनी गिरणी तिथेच पुन्हा उभारायचे ठरवले आणि काम बंद असतानाही कामगारांचे पगार काही महिने चालू ठेवले. कर्जाच्या ओझ्याने २००१ मध्ये गिरणी दिवाळखोरीत गेली, नंतर ती पोलारटेक या नावाने चालली, उत्पादन लॉरेन्समधून हलले आणि २०१९ मध्ये ही कंपनी मिलिकन या अमेरिकी कापड कंपनीने घेतली. गिरण्यांच्या संपाच्या आठवणी असलेल्या मुंबईच्या घरात मी वाढले आहे, म्हणून ही गोष्ट मला केवळ कापडाची वाटत नाही; पण इथे मला कापडाविषयीच बोलायचे आहे.

फ्लीस मागावरचे कापड नव्हे. बनियनचे कापड असते तसे ते सुयांवर फासात फास घालून विणलेले असते. त्याच्या पृष्ठभागावर ठेवलेले फास बारीक तारांचे ब्रश लावलेल्या रुळांवरून नेऊन ओढतात, त्यामुळे तंतू सुटे होऊन उभे राहतात, आणि मग ती लव एकसारखी कातरतात. ऊब येते ती या लवेत अडकलेल्या हवेमुळे. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून ते धुतल्यावर लवकर वाळते आणि आटत नाही. कापलेल्या कडेचे सूत सुटत नाही, म्हणून कड दुमडून शिवण्याची सक्ती नाही. पन्हा साधारण ५८ ते ६० इंच असतो, तर रजईच्या सुती कापडाचा पन्हा ४२ ते ४४ इंच. तेव्हा मांडीवर किंवा सोफ्यावर घ्यायच्या रजईला फ्लीसची पाठ मधे जोड न देता एकसंध लागते. मधला भरावही बहुतेक वेळा लागत नाही, कारण फ्लीस स्वतःच पाठ आणि भराव अशी दोन्ही कामे करते. एवढे सगळे गुण वाचून माणूस लगेच वारभर जास्तच फ्लीस घेऊन येतो. गुणांची यादी संपली की स्वभावाला सुरुवात होते.

अडचण अशी, की वरचा थर उभ्या-आडव्या धाग्यांचा आहे, त्याला ताणले तरी तो फारसा हलत नाही. खालचा थर फासांचा आहे, तो आडवा ओढला की लांबतो आणि सोडला की मागे येतो. अशा परस्परविरोधी स्वभावाच्या दोन थरांना शेकडो टाक्यांनी कायमचे बांधायचे आहे. फ्लीसच्या पाठीची सगळी कारागिरी या एका तिढ्याभोवती फिरते. फ्लीस ताणलेल्या स्थितीत शिवले गेले, तर सुटल्यावर ते आखडते आणि वरच्या साडीला चुण्या पाडते. उलट ते सैल राहून टिपांच्या मध्ये गोळा झाले, तर मागच्या बाजूला घड्या शिवल्या जातात. त्यांचा पत्ता रजई उलटी केल्यावरच लागतो.

म्हणून खरे काम मशीनवर बसण्याच्या आधीचे आहे. साड्या मी आधी गरम पाण्यात धुऊन घेते. त्या बहुधा आयुष्यभर धुतल्या गेलेल्या असतात, पण त्यांच्यासोबत नवे सुती कापड वापरायचे असेल तर ते आटते आणि फ्लीस आटत नाही, हा हिशेब आधीच मिटवलेला बरा. जुनी साडी विरलेली असते. तिला मागून मलमलीचा एक थर लावल्याशिवाय मशीनच्या टिपेचा ताण ती सोसत नाही. चौकोन जोडून झाले की वरच्या थराची इस्त्री तिथेच, फ्लीस जवळ येण्याआधी, पूर्ण करायची. गरम इस्त्री फ्लीसला टेकली की लव वितळून चपटी, चकचकीत होते आणि तो डाग पुन्हा जात नाही. फ्लीसचा ताण पन्ह्याच्या दिशेने जास्त आणि लांबीच्या दिशेने कमी असतो, तेव्हा रजईची लांबी फ्लीसच्या लांबीवरच धरावी. सुलट बाजू ओळखायची जुनी युक्तीही उपयोगी पडते: कापलेली कड आडवी ताणली की ती सहसा उलट बाजूकडे वळते. दोन्हीकडे लव असलेल्या फ्लीसमध्ये हा फरक नव्यावर जाणवत नाही, मात्र धुऊन धुऊन लोकरीसारखे गोळे धरायला लागले की जाणवतो. गोळे न धरणारे फ्लीस वेगळे मिळते आणि थोडे महाग पडते. रोजच्या वापरातल्या पांघरुणासाठी तिथे कंजुषी करू नये.

मग जमिनीवर फ्लीस उलटे अंथरायचे. इथे सुती पाठीची सवय आडवी येते. सुती पाठ जमिनीवर ताणून, चहूबाजूंनी चिकटपट्टी लावून, ढोलाच्या कातड्यासारखी करायची असते. फ्लीस मात्र फक्त झटकून सपाट करायचे आणि पट्टी लावायची ती ते सरकू नये एवढ्यापुरती. वर दर्शनी थर ठेवून मध्यापासून कडांकडे हात फिरवत जायचे आणि तळहाताच्या अंतरावर वाकड्या पिना लावायच्या. काही जणी फवाऱ्याचा गोंद वापरतात. फ्लीसवर तो छान धरतो, पण त्याचा वास मला सोसत नाही. चारी बाजूंना तीन-चार इंच फ्लीस जास्त ठेवावेच, कारण शिवताना ते कुठे सरकेल ते आधी सांगता येत नाही.

मशीनवर बसल्यावर मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने असते. आपल्याकडच्या शिंप्यांना हे पक्के ठाऊक असते की दोन कापडे शिवताना ताणले जाणारे कापड खाली ठेवावे, कारण कापड पुढे सरकवणारे मशीनचे खालचे दाते ते थोडे थोडे आत घेत जातात. रजईत फ्लीस आपोआपच खाली येते. तरीही वॉकिंग फूट, म्हणजे वरच्या कापडालाही सरकवणारा मशीनचा पाय, लावल्याशिवाय मी सरळ टिपा मारत नाही; वरचा थरही खालच्याच गतीने सरकला पाहिजे, आणि साधा पाय वरच्या साडीला पुढे ढकलत राहतो. मशीनला पायाचा दाब कमी करायची सोय असेल तर तो कमी करावा. टाका ३ ते ३.५ मिलिमीटर लांब हवा. सुती रजईला शोभणारा बारीक टाका फ्लीसमध्ये बुडतो, त्याला ताठर करतो आणि टीप नागमोडी दिसते. सुईचा प्रश्न मजेशीर आहे, कारण फासांच्या कापडाला गोल टोकाची सुई मानवते, ती धागा न तोडता बाजूला सारते, आणि घट्ट विणीच्या सुती थराला टोकदार सुई हवी असते. मी ९०/१४ ची साधी सुई लावते आणि टाके सुटायला लागले तर ताणाच्या कापडाची सुई घेते. दर रजईला सुई नवी. जुनी सुई वाचवून वाचतात ते पैसे फार थोडे असतात.

नक्षीच्या बाबतीत फ्लीसची मागणी स्पष्ट आहे: थोडक्यात आटपा. दाट नक्षीने लवेतली हवा दाबली जाते, आणि ज्या उबेसाठी हे कापड लावले तीच जाते. दीड-दोन इंच अंतरावरच्या लांब, हलक्या लाटांच्या टिपा मला सर्वांत बऱ्या वाटतात. लाटेत थोडा ताण मुरतो, शिवाय सरळ रेषेतली जराशी चूक नजरेत भरते तशी लाटेतली भरत नाही. पहिली टीप मध्यावर मारावी आणि तिथून दोन्ही कडांकडे जावे. हाताने कापड फिरवत फुलापानांची नक्षी काढायची तर दाते खाली करून ती काढता येते, पण फ्लीस मशीनच्या पाटावर घासते आणि जड वाटते. रजईचे वजन टेबलावर नीट पेललेले नसेल तर खांदे दुखून येतात. बॉबिनचा दोरा फ्लीसच्या रंगाचा घेतला की तो लवेत लपतो. ही सोय आहे आणि धोकाही आहे, कारण खालच्या दोऱ्याचा ताण बिघडला तरी मागून काहीच दिसत नाही. उसवायची वेळ आली तर नेहमी साडीच्या बाजूने उसवावे. फ्लीसच्या लवेत टाका शोधण्याची शिक्षा शत्रूलाही देऊ नये. आणि काम संपले की बॉबिनखालची जागा उघडून ब्रशने साफ करायची. तिथे एवढी लव साठलेली असते की मशीन इतका वेळ कसे चालले याचेच नवल वाटते.

कड मात्र आनंदाने शिवता येते. वाढीव फ्लीस चहूबाजूंनी इंचभर ठेवून कापायचे, कोपरे तिरके छाटायचे, एकदाच वर दुमडायचे आणि झिगझॅग टीप मारायची. सूत सुटत नसल्यामुळे आतली घडी लागत नाही. काठाच्या साड्या असतील तर मी हा मोह टाळते आणि साडीच्याच काठाची पट्टी लावते, कारण इरकली काठ असताना फ्लीसला तिथे येण्याचा काही हक्क नाही.

लाँगआर्म मशीन असलेल्या बायकांकडे वरचा थर आणि पाठ देऊन रजई टिपून घेता येते. लांबच लांब चौकटीवर पाठ रुळांना अडकवतात आणि मशीनच कापडावरून फिरते. फ्लीस घेऊन गेले की त्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती रास्त आहे. चौकटीवर सुती पाठ ताणतात तसे फ्लीस ताणले तर उतरवल्यावर ते आपल्या मापाला परत जाते आणि सगळी नक्षी चुणते. ते सैल ठेवायला हात सरावलेला लागतो. काही क्विल्टर मंडळी तर फ्लीसच्या पाठीला रजई मानायलाच तयार नसतात. मधला भराव नाही, म्हणजे तीन थर नाहीत, म्हणजे रजई नाही. आमच्याकडे गोधडीत पाच साड्याही असतात आणि दोनही, आणि ती गोधडी आहे की नाही असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मात्र आत्याने काढलेली उणीव मी सहज झटकू शकले नाही. साताऱ्याकडच्या तिच्या घरात वाकळ म्हणजे जुनेर, धोतर आणि साड्यांचे थर एकावर एक रचून, कडेने सुरुवात करून आत आत फिरत धावदोरा घातलेली वस्तू. इथे आली तेव्हा तिने माझी रजई पांघरली आणि सकाळी म्हणाली, “ऊब हाये गं, पन अंगावर काय हाये असं वाटतच नाय.” हिशेब केला तर तिचे बरोबर आहे. दर चौरस मीटरला २०० ग्रॅमचे फ्लीस ६० बाय ७२ इंचांच्या रजईला लावले तर पाठीचे वजन साडेपाचशे-सहाशे ग्रॅमच होते, आणि वरचा थर धरूनही सगळी रजई किलोभराच्या आसपास राहते. वाकळ त्याच्या कितीतरी पट भरते. झोपेला वजन लागते, निदान त्या वजनाखाली वाढलेल्या माणसांना लागते. ऊब आणि भार या दोन गोष्टी त्यांच्या अंगात एकत्रच मुरलेल्या असतात. त्या वेळेपासून वडीलधाऱ्यांसाठी शिवताना मी फ्लीस आणि दर्शनी थर यांच्या मध्ये जुन्या धोतराचे किंवा चादरीचे दोन थर घालते. फ्लीसला त्याची गरज नसते. शिवायला जड जाते, पण मधला सुती थर फ्लीसचा ताणही आवरतो, त्यामुळे चुण्या कमी पडतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही युक्तीने सुटत नाही. फ्लीस हे प्लास्टिक आहे. पॅटागोनियाने १९९३ मध्ये टाकाऊ बाटल्यांपासून फ्लीस काढले तेव्हा त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की पॉलिएस्टरचा एकच कपडा एका धुण्यात १,९०० हून अधिक तंतू पाण्यात सोडू शकतो. रजई कपड्याइतकी वारंवार धुवावी लागत नाही, हा तिचा त्यातल्या त्यात चांगुलपणा. मी ती गार पाण्यात, हलक्या फेऱ्यावर, तंतू अडवणाऱ्या पिशवीत घालून धुते, आणि ड्रायरऐवजी दांडीवर वाळवते. फ्लीस तसेही लवकर निथळून कोरडे पडते. हे पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना हे मुळीच पटत नाही त्यांनी सुती फ्लॅनेलची पाठ लावावी. ती चांगलीच आटते, म्हणून आधी गरम पाण्यात धुवावी लागते, आणि तिचा पन्हा अरुंद असल्यामुळे जोड द्यावा लागतो; मात्र मागावरचे कापड असल्याने वरच्या थराशी तिचे भांडण नसते.

नागपूरच्या वहिनींनी गेल्या हिवाळ्यात ‘तुमची ती मऊ पाठीची रजई’ मागितली, तेव्हा मी नाही म्हटले. नागपूरला थंडी कडक पडते हे खरे, पण ती काही आठवड्यांची, आणि उरलेले वर्षभर फ्लीस कपाटात अडगळ होऊन बसणार. त्यांना मी दोन सुती साड्या पाठीला पाठ लावून, मध्ये जुनी चादर घालून शिवून दिली. पाठ आधी ठरवावी असे मी म्हणते त्यात हवा आणि जागा हेही आलेच: इथल्या बर्फात फ्लीस योग्य, मुंबईत ते घाम काढील आणि महाबळेश्वरला कदाचित चालेल.

फ्लीसच्या पाठीला आणखी एक हिशेब जोडलेला आहे, आणि तो मला सर्वांत जास्त गुंतवतो. विरलेली साडी दहा-पंधरा वर्षांत जाणार. पॉलिएस्टर तेव्हाही धडधाकट असणार. वाकळ विरली की ती दुसऱ्या वाकळीच्या पोटात जाते, इथे नेमके उलटे होईल, पाठ उरेल आणि तोंड जाईल. म्हणून मी लांब टाके घालते, टिपा विरळ ठेवते आणि दर रजईच्या कोपऱ्यात फ्लीसचे माप व शिवल्याचे साल लिहिलेली सुती पट्टी लावते. माझ्या सोफ्यावरच्या रजईची साडी मध्ये फाटायला लागली आहे. ती मी उसवायला घेतली आहे, अर्थात साडीच्या बाजूने. पाठीवर एकही विरलेली जागा नाही, फक्त जुन्या टिपांच्या खुणा लवेत दबून राहिल्या आहेत. धुतल्यावर त्या बऱ्याचशा जातील. मैत्रिणीने दिलेल्या तीन नारायणपेठी साड्या त्यासाठी बाजूला काढल्या आहेत, आणि या वेळी फ्लीसचा रंग आधीच ठरलेला असल्यामुळे चौकोन त्याला पाहून कापायचे आहेत.